आईची स्लाइड

"बघायचीय? तुझ्या आईचीच आहे," असं म्हणत ताईंनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधली ती आतली खोली. खिडकीला कागद चिकटवलेला, दाराला जाड काळा पडदा, हवेत स्पिरिटचा वास. ताई म्हणजे आईच्या शाळेतल्या एका बाईंची धाकटी बहीण, म्हणून एवढी मोकळीक. आई पडद्यापलीकडे बाकावर बसली होती, छत्री मांडीवर आडवी ठेवून. मी डोळे मायक्रोस्कोपला लावले. आधी नुसताच काळोख. मग ताईंनी चाक किंचित फिरवलं आणि त्या काळोखातून हिरव्या गोल चकत्या वर आल्या, बघावं तिकडे. प्रत्येकीत बारीक दाट ठिपके, मधे दोन-चार काळ्या मोकळ्या जागा. तो हिरवा रंग सोलापुरात मी कधीच कुठे पाहिलेला नव्हता. "अय्या, काय सुंदर दिसतंय!" मी बोलून गेले. चांगलं मोठ्यानं.

पडदा जाड असला तरी कापडाचाच होता.

आई काही बोलली नाही. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये दौंडनंतर ती खिडकीला डोकं टेकून झोपली आणि मी तिच्या हातांकडे बघत बसले. बोटांची पेरं सुजलेली, अंगठी केव्हाच काढून ठेवलेली. ज्याच्यामुळे तिला सकाळी स्वतःचे केस विंचरता येत नाहीत, ते मला सुंदर दिसलं होतं. आणि आत्ता, पेरांकडे बघतानासुद्धा, मला मनातून ती स्लाइड पुन्हा बघावीशी वाटत होती. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला असं वाटावं का, हा प्रश्न भिगवण गेलं, कुर्डुवाडी गेलं तरी सुटेना.

त्या तपासणीचं नाव एएनए. ताईंनी हात चालू ठेवत ती समजावली. काचेवर आधीच पेशी चिकटवून ठेवलेल्या असतात. त्यांच्यावर रुग्णाच्या रक्तातलं सिरम पातळ करून टाकायचं, थोडा वेळ ठेवायचं, धुवायचं. रुग्णाच्या अँटीबॉडी, म्हणजे एरवी जंतूंना धरणारी रक्तातली प्रथिनं, जर पेशीच्या केंद्रकातल्या कशालाही धरत असतील, तर त्या धुतल्या जात नाहीत, चिकटून राहतात. मग वरून दुसरी अँटीबॉडी टाकायची, जी माणसाच्या अँटीबॉडीला धरते. ही बहुतेक वेळा बोकडा-शेळीच्या रक्तातून काढलेली असते आणि तिला फ्लुरोसीन नावाचा चमकणारा रंग जोडलेला असतो. पुन्हा धुवायचं आणि अंधारात बघायचं. म्हणजे मला जे हिरवं दिसलं त्यात आईची एकही पेशी नव्हती. होत्या त्या फक्त तिच्या अँटीबॉडी, परक्या केंद्रकांना घट्ट धरून बसलेल्या. त्या पेशींना हेप-टू म्हणतात. घशाच्या कॅन्सरमधून आल्या असं लोक कैक वर्षं मानत होते, पुढे कळलं की त्या मुळात हेला पेशी आहेत. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये कॅन्सरनं गेलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या शरीरातून, त्यांना न विचारता घेतलेल्या. अमेरिकेतली एक बाई, सोलापूरची एक बाई आणि कुठली तरी शेळी, अशी तिघींची गाठ पुण्यातल्या त्या जिन्याशेजारच्या खोलीत पडली होती. "फार वेळ बघत बसू नको," ताई म्हणाल्या, "प्रकाशानं तो रंग विझत जातो."

रिपोर्टवर एक ओळ: १:३२०, स्पेकल्ड. म्हणजे सिरम तीनशेवीस पट पातळ केलं तरी चमक उरली, तीही ठिपकेदार. ताईंनी हळूच हेही सांगितलं की ही तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा करण्यात फारसा अर्थ नसतो, निरोगी माणसांतही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते आणि रोग चढलाय की उतरलाय हे बघायला डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी आणि सी-३, सी-४ ही प्रथिनं मोजतात. पण डॉक्टर बदलले की फाइल नव्यानं सुरू होते. आईची फाइल एव्हाना उशीइतकी झाली आहे.

मी पाचवीत होते तेव्हा हे सुरू झालं. आधी सगळ्यांनी संधिवात म्हटलं. मग गालांवर, नाकावरून आडवा असा लाल चट्टा उमटला आणि कुणीतरी ल्युपस हे नाव उच्चारलं, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटते तो आजार. या रोगाच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, आणि ऊन त्याला चिथवतं. सोलापुरात राहून ऊन टाळायचं! मे महिन्यात जिथे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो तिथे आई लांब बाह्यांचा ब्लाउज, स्कार्फ आणि काळी छत्री घेऊन शाळेत जायची. पोरं तिला छत्रीवाल्या बाई म्हणायची. खडू धरवेना तेव्हा तिनं फळ्यावर लिहायचं काम पाळीपाळीनं मुलांवर सोपवलं आणि त्यांची अक्षरं सुधारली असं ती वर ऐकवायची. रविवारची साफसफाई, पापड लाटणं, ओट्यावरचा मोठा कुकर उचलणं अशी एकेक गोष्ट तिच्या हातून गेली आणि ती कुणी मुद्दाम मोजली नाही.

करोना आला तेव्हा मी शाळेत होते. तिची रोजची गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अचानक जगप्रसिद्ध झाली. ती करोनावर चालते अशी हूल उठली आणि औषधाच्या दुकानांतून गायब झाली. बाबा स्कूटरवरून सात रस्ता ते जुळे सोलापूर फिरले. जिला ती खरंच हवी होती तिच्यासाठी अर्धी पट्टी मिळाली. त्याच दिवसांत घराघरांतून काढे येत होते. गुळवेल, सुंठ, दालचिनी, प्रतिकारशक्ती वाढवणारी चूर्णं, चवनप्राशाचे डबे. देणाऱ्यांच्या मायेत काही खोट नव्हती. पण आईचा आजारच मुळी तिची प्रतिकारयंत्रणा नको तितकी जागी असण्याचा. तिला जी औषधं चालू होती ती ही यंत्रणा दाबण्यासाठी होती. हे कुणाला समजावणार? ती हसून डबा घ्यायची, धुऊन परत द्यायची आणि काढा मोरीत जायचा. पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं लिहिलं. त्यातल्या काहींना आधीपासूनच स्वतःच्या शरीरावर उलटणारे आजार होते. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. मला आठवते ती मोरी.

लातूरला नीटच्या क्लाससाठी मी हे सगळं मागे ठेवून गेले असं म्हणायला आवडलं असतं. ट्यूशन एरियात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत खाटा लावलेल्या इमारती, रात्री अकरालाही उघडी असलेली झेरॉक्सची दुकानं, मेसच्या डब्यातली तीच ती पातळ आमटी. बायोलॉजीचे नव्वद प्रश्न, तीनशेसाठ मार्क, आणि एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ पाठ. बारावीच्या त्या धड्यात इम्युनिटी येते. सरांनी फळ्यावर अँटीबॉडी म्हणून इंग्रजी वाय काढला, दोन जड साखळ्या, दोन हलक्या, एच-टू-एल-टू, "हमखास येणारा प्रश्न, पुढं." सैनिक, शत्रू, पहिली फळी, दुसरी फळी. ऑटोइम्युनिटीला पुस्तकात एक लहानसा परिच्छेद, त्यात उदाहरण संधिवाताचं. तो परिच्छेद संपवायला सरांना दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरांना मार्क हवे होते, मलाही हवेच होते. मी त्या परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि पुढच्या पानावर गेले.

नंतर कळलं की मोठमोठी माणसंसुद्धा त्या परिच्छेदापाशी अडखळली होती. जर्मनीचे पॉल अर्लिक, अँटीबॉडीच्या विज्ञानाचा पाया घालणारे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हणाले की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणार नाही, त्याला त्याचं भय असतं. त्यांचं म्हणणं याहून बारकाव्याचं होतं, पण लोकांनी ऐकलं ते एवढंच. १९०४ साली डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी रक्ताच्या एका आजारात नेमकं हेच घडतं असं दाखवूनही पुढची कित्येक दशकं वैद्यकात त्याकडे कानाडोळा होत राहिला. ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसते हे मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली लक्षात आलं, आणि तिथून धागा सुटत सुटत त्या अंधाऱ्या खोलीतल्या हिरव्या चकत्यांपर्यंत पोचला. अर्लिकना नोबेल मिळालं ते १९०८ साली, मेचनिकॉफ यांच्यासोबत अर्धं अर्धं. हे मेचनिकॉफ तर डॉक्टरही नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली सिसिलीत समुद्रकाठी बसून त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात, म्हणजे पिल्लात, गुलाबाचे काटे टोचले आणि सकाळी पाहिलं तर काट्याभोवती पेशी जमल्या होत्या. मला ही गोष्ट फार आवडते. त्या रात्री त्यांना झोप आली नाही म्हणे. तारामाशाची कुणी विचारपूस केल्याचं कुठे वाचलं नाही.

परीक्षा झाली, उत्तरतालिका पाहून मार्कांचा अंदाज बरा आला, आणि मी मामाकडे लालबागला गेले. मामाला आकडेमोड आवडते. "साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग स्किन नाहीतर रेडिओ. बास." मी इम्युनॉलॉजी म्हटलं, प्रतिकारयंत्रणेचं शास्त्र. "म्हणजे लसीचं का?" मी म्हटलं, लसीचंही. त्यानं कागद घेतला. साडेपाच, त्यात सरकारी कॉलेजातून शिकलं तर वर्षभर बंधपत्राची नोकरी, मग एमडी मेडिसिन किंवा पीडियाट्रिक्स तीन वर्षं, मग क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि रूमॅटॉलॉजीचं डीएम आणखी तीन. त्यासाठी लखनौचं एसजीपीजीआय नाहीतर पुदुच्चेरीचं जिपमर अशा ठिकाणी जावं लागलं तर तेही. मधल्या दोन प्रवेशपरीक्षांची तयारी धरलीच नाही. "एकतिशी!" मामा ओरडला. "आणि इतकं करून पाटीवर काय लिहिणार? रूमॅटॉलॉजिस्ट. लोक म्हणणार हाडांचा डॉक्टर." हे मात्र खरं आहे. आईलाही पहिली काही वर्षं हाडांच्या डॉक्टरांनीच तपासलं होतं. दुसरी वाट मी त्याला सांगितलीच नाही: एमबीबीएसनंतर रुग्ण सोडून थेट प्रयोगशाळा, पीएचडी, दिल्लीची राष्ट्रीय इम्युनॉलॉजी संस्था किंवा पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं पेशीविज्ञान केंद्र. त्या वाटेवरच्या पगाराचा आकडा त्याला कळला असता तर कागद फाडला असता.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर गेल्यावर मी चालत परळला गेले. आचार्य दोंदे मार्गावर मला एक गोष्ट आवडली, की तिथे सगळं शेजारीशेजारी आहे. केईएम आणि सेठ जी. एस. कॉलेज. सोलापूरच्या पोरांना या कॉलेजचं नाव डॉ. कोटणिसांमुळे माहीत असतं. इथे शिकून ते चीनला गेले. इथेच १९५२ साली डॉ. भेंडे यांच्यापुढे असं रक्त आलं जे ए, बी तर सोडाच, ओ गटाच्या रक्तालाही धरून गुठळ्या करत होतं. आपण ज्याला सर्वांना चालणारं रक्त म्हणतो तेच या माणसांना विष. ओ गटाच्या पेशींवरही एच नावाचा पदार्थ असतो, आणि यांच्याकडे तोच नाही, त्यामुळे त्यांचं शरीर त्याला परकं मानतं. या गटाला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. त्या रक्ताला "चुकून मिसळलं असेल" म्हणत मोरीत न ओतणारं कुणीतरी तिथे होतं, याचं मला खरं कौतुक वाटतं. आता केईएमच्याच आवारात रक्ताच्या इम्युनॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे.

थोडं पुढे हाफकिन. मूळचं हे गव्हर्नरचं निवासस्थान. १८८२ साली गव्हर्नरची पत्नी तिथे कॉलऱ्यानं गेली आणि पुढे गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. १८९९ साली त्या वास्तूत प्लेगची प्रयोगशाळा आली. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे, मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी, आणि तेही डॉक्टर नव्हेत. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामात त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवालला लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू निघाले, एकोणीस माणसं दगावली, आणि खापर हाफकिनवर फुटलं. निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. मी फाटकाबाहेरच उभी राहिले. आत शिरायला काही कारण नव्हतं माझ्याकडे.

आणि हाकेच्या अंतरावर टाटा. फुटपाथवर प्लास्टिक अंथरून बसलेली कुटुंबं, हातात फाइली, केस गेलेली लहान मुलं, कोपऱ्यावर कुणीतरी खिचडी वाटतंय. याच टाटा मेमोरियलनं आयआयटी मुंबईबरोबर भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती तयार केली. २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढायच्या, त्यांना सीडी-१९ नावाची खूण असलेल्या बी-पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. ही रक्ताच्या कॅन्सरसाठी. पण अँटीबॉडी बनतात त्या बी-पेशींच्याच वंशातून, म्हणून जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरांनी ल्युपसच्या काही अतिशय आजारी, तरुण रुग्णांवर हीच युक्ती वापरली आणि २०२२ मध्ये लिहिलं की पाचही जणांचा रोग शांत झाला, औषधांवाचून. ते वाचलं तेव्हा मी आईला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. तिचा आजार त्या पायरीचा नाही, गोळ्यांवर आटोक्यात आहे. खर्च लाखांत. आणि पाच म्हणजे पाच माणसं. तरी फुटपाथवरून जाताना मी मान वर करून चालू शकले नाही. मघाशी केईएमसमोर मला त्या रक्ताचा केवढा हर्ष झाला होता, आणि इथे आलं की नुसती माणसं.

घरी आल्यावर आईनंच विषय काढला. ती मटार सोलत होती, म्हणजे मी सोलत होते आणि ती दाणे निवडत होती. "ते हिरवं हिरवं काय होतं, सांग की मला पण," ती म्हणाली. एवढ्या दिवसांनी. मग मी तिला स्लाइडचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, हेन्रिएटाबाईंचं सांगितलं. शेळीला ती हसली. बाईंना विचारलं नव्हतं म्हटल्यावर "हो का" म्हणून थोडा वेळ गप्प बसली. मग मी २०२५ च्या नोबेलचंही सांगितलं: अमेरिकेत ओक रिजला १९४० च्या दशकात खपलीदार कातडीची, काही आठवड्यांतच मरणारी उंदराची पिल्लं जन्मली होती. त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक ब्रन्को आणि रॅम्सडेल यांनी २००१ साली शोधलं. जपानच्या साकागुचींनी त्याआधी १९९५ मध्ये दाखवलं होतं की टी-पेशींत एक जात बाकीच्यांना आवरण्याचं काम करते, आणि हे जनुक नेमकं त्या जातीला घडवणारं निघालं. ती नसेल तर शरीर स्वतःलाच खातं. आईनं दाणे बाजूला केले. "म्हणजे वर्गात दंगा करणारं पोरगं सगळ्यांना दिसतं. त्याला दप्तर ओढून खाली बसवणारी मॉनिटर कुणालाच दिसत नाही," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात नुसते सैनिक होते ना?" मी हो म्हटलं. "मग मॉनिटर कुठं गेली माझी?"

याचं उत्तर मला येत नव्हतं. ते अजून कुणालाच नीट येत नाही, ल्युपसमध्ये त्या पेशी कमी पडतात की त्यांचं कुणी ऐकत नाही यावर अभ्यास चालूच आहे, एवढं मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग तुला काम आहे." आणि पुढे तिच्या नेहमीच्या स्वरात, "पण मला आधी विचारायचं. सुंदर म्हण, काय वाट्टेल ते म्हण. नुसतं बाहेर बसवून ठेवायचं नाही."

मी कबूल केलं. स्लाइड आणि बाक या दोन्हींपैकी एक निवडावं लागतं असं मला लातूरला, मामाच्या कागदावर आणि परळच्या फुटपाथवरही वाटलं होतं. अजून थोडं वाटतं. अकरा-बारा वर्षांत माणूस थकून एका बाजूला झुकत असेल. रोज शंभर रुग्ण बघणारे डॉक्टर आणि रुग्णाचं तोंड न पाहता वीस वर्षं उंदीर पाळणारे संशोधक, दोघांनाही माझ्यासारखं काहीतरी कधीतरी वाटलेलं असेलच. मला तूर्तास दोन्ही हवंय. हाव आहे ही, मामाच्या मते.

काल त्याचा पुन्हा फोन. "मग, ठरलं का कशातली डॉक्टर?" मी म्हटलं, पहिलं वर्ष ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. इम्युनॉलॉजी नीट येते ती दुसऱ्या वर्षी मायक्रोबायोलॉजीत, काही तासांत उरकतात असं सीनियर सांगतात. "म्हणजे अजून वर्षभर विचार बदलायला वाव आहे," तो खुशीत म्हणाला आणि आईला फोन दे म्हणाला. आईनं तो स्पीकरवर टाकला, कारण मोबाइल फार वेळ हातात धरवत नाही, आणि दोघं आंब्याच्या पेटीच्या भावावर बोलायला लागले.